दाण्याचे दान

गृहस्थाश्रमाला शास्त्रकारांनी पंचमहायज्ञांचे बंधन घातले, त्याचे कारण मोठे सूक्ष्म आहे. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा या पाच ठिकाणी गृहस्थाच्या हातून नकळत जीवहिंसा होत असते. तिच्या निष्कृतीसाठी सांगितलेल्या यज्ञांपैकी एक भूतयज्ञ होय. सारांश, अंगणात पाखरांना दाणा घालणारा सद्गृहस्थ उपकारकर्ता नसून ऋणको आहे.

तथापि ऋण फेडण्यालाही विवेक लागतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी सात्त्विक दानाला देश, काल आणि पात्र ही कसोटी लावली आहे. छत्तीसगडातील शेतकरी ती कदाचित ग्रंथ न वाचताही पाळत आला. धानाची कापणी झाली की निवडक लोंब्या विणून तो सुरेख झालर करतो आणि दारावर वा ओसरीत टांगतो. ‘चिरई चुगनी’ हे तिचे एक नाव. म्हणजे चिमण्यांनी टिपावयाची वस्तू. लोंबीला लोंबकळून चिमणी एकेक दाणा तुसातून सोलून घेते. तेथे जमिनीवर रास पडत नाही आणि उंदरांना आमंत्रण जात नाही.

याउलट मुंबईत पाहावे. कबुतरखान्यांवर वर्षानुवर्षे धान्याच्या राशी ओतल्या गेल्या, कबुतरे बेसुमार वाढली आणि त्यांच्या विष्ठेच्या धुळीने माणसांची फुप्फुसे बिघडू लागली. २०२५ साली हा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, तेव्हा भाविकांना फार दुःख झाले. त्यांची भूतदया खोटी होती असे कोण म्हणेल? परंतु शेजाऱ्याच्या श्वासावर बेतणारे दान देशकालाच्या कसोटीला कसे उतरावे?

भिलाईसारख्या शहरातल्या वस्तीत शेत दूर राहिले, तरी घरापुढची चार हात बाग पुरेशी आहे. तेथे प्रथम पाहावे, मग द्यावे. कारण पाहिल्यावाचून पात्र कळत नाही. चिमणी दाणा टिपते. बुलबुल फळांवर व किड्यांवर जगतो, त्याच्यापुढे तांदूळ टाकणे व्यर्थ होय. वैशाखात धान्यापेक्षा पाण्याचे मोल अधिक. आणि चिमणीची पिल्ले पहिल्या दिवसांत प्रायः किड्यांवरच वाढतात, हे तर कित्येकांना ठाऊकच नसते. एका हाताने ज्वारी फेकावी आणि दुसऱ्या हाताने गुलाबावर विषारी औषध फवारावे, हा कसला भूतयज्ञ! मनुस्मृतीने बलीचा भाग पक्ष्यांबरोबरच कृमींसाठीही ठेवावयास सांगितला आहे, तोही न भिरकावता, हळूच भूमीवर.

दाणा टिपून पाखरू उडून जाते, मागे वळून पाहत नाही. दात्याला हे खटकते. ते ओळखीचे व्हावे, हातावर यावे, असे वाटू लागते. फलाशा येथेच शिरते आणि मग राघूसाठी पिंजरा येतो. रानच्या पोपटाला कोंडणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने गुन्हा ठरवले आहेच. परंतु कायदा नसता तरी पिंजऱ्यातल्या डाळिंबाच्या दाण्याला दान म्हणता आले नसते.

बागेसाठी मातीचे उथळ परळ पुरे. ते सावलीत, मांजराला दबा धरता येणार नाही अशा जागी ठेवावे, आणि पाणी ओतण्यापूर्वी रोज घासावे.