अधिकार, सामर्थ्य आणि संघातील जागा

संघ चालवणाऱ्यांच्या आणि खेळाडू निवडणाऱ्यांच्या मराठीत दोन प्रकारचे शब्द शेजारीशेजारी नांदतात. ‘निवड चाचणी’, ‘संभाव्य संघ’, ‘राखीव खेळाडू’, ‘संघव्यवस्थापक’ हे शब्द कामकाजाचे असून ते जागा आणि जबाबदारी एवढेच सांगतात. ‘पात्र’, ‘अपात्र’, ‘लायक’ हे शब्द मात्र खेळाडूच्या योग्यतेविषयी बोलतात, आणि त्यांच्यामागे धर्मचिंतनाचा दीर्घ इतिहास उभा आहे. एखाद्याची संघात ‘वर्णी लागली’ असे वृत्तपत्रे सहज लिहितात, पण वर्णी म्हणजे मुळात अनुष्ठानासाठी केलेली ब्राह्मणाची नेमणूक होय. त्यामुळे निवड म्हणजे मर्यादित जागांचे वाटप, की माणसाच्या योग्यतेचा निकाल, हा प्रश्न क्रीडांगणापुरता राहत नाही.

या प्रश्नाची सर्वांत काटेकोर मांडणी ‘अधिकार’ या संकल्पनेत सापडते. दर्शनशास्त्रात अधिकार म्हणजे सत्ता नव्हे, तर एखादे कर्म करण्याची किंवा विद्या मिळवण्याची पात्रता. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातील तिसऱ्या पादावर भाष्य करताना शंकराचार्य मीमांसकांची परिभाषा वापरून या पात्रतेची अंगे सांगतात. त्यांपैकी तीन येथे महत्त्वाची आहेत : अर्थित्व, म्हणजे फलाची इच्छा, सामर्थ्य, म्हणजे ते कर्म पार पाडण्याची शक्ती, आणि अपर्युदस्तत्व, म्हणजे शास्त्राने वगळलेले नसणे. पहिली दोन अंगे व्यक्तीच्या ठायी असतात, तिसरे मात्र व्यक्तीत शोधून सापडत नाही, कारण ते नियम करणाऱ्याच्या हाती असते. बुलढाणा जिल्ह्यातील एखादा विद्यार्थी शालेय स्पर्धांमध्ये तालुक्यातून जिल्ह्यावर, तेथून अमरावती विभागावर आणि पुढे राज्यस्तरावर जातो, तेव्हा त्याच्या बाबतीतही हीच तीन अंगे तपासली जातात : त्याला खेळायचे आहे का, त्याला खेळता येते का, आणि वयोगटाची मर्यादा किंवा जागांची संख्या त्याला अडवते का. निकालाच्या भाषेत मात्र तिन्ही अंगे ‘अपात्र’ या एकाच शब्दात मिसळतात, आणि नियमाने थांबवलेला मुलगा स्वतःला सामर्थ्यहीन समजू लागतो.

ही सरमिसळ किती खोल इजा करू शकते, हे त्याच पादातील अपशूद्राधिकरणात दिसते. तेथे शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाकारला आहे. पण विदुर आणि धर्मव्याध यांना ज्ञान झाले होते, हे शंकराचार्यांना मान्य करावे लागते, आणि इतिहास-पुराणांच्या द्वारे चारही वर्णांना ज्ञानाचा मार्ग मोकळा आहे, असेही ते सांगतात. म्हणजे सामर्थ्य कबूल आहे, केवळ पर्युदास, अर्थात वगळणूक, शिल्लक आहे. देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे ज्यांचे जन्मस्थान म्हणून परंपरा सांगते, त्या संत चोखामेळ्यांची स्थिती नेमकी हीच होती. त्यांच्या भक्तीविषयी वारकरी संप्रदायाला शंका नव्हती, नामदेवांसारखा श्रेष्ठ संत त्यांना आपला मानत होता, तरीही मंदिराचे दार त्यांना बंद राहिले आणि त्यांची समाधीही महाद्वाराबाहेरच आहे. तो पर्युदास उठण्यासाठी 1947 साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. क्रिकेटमध्येही हे घडले. पळवणकर बाळू यांच्या डावखुऱ्या फिरकीवर हिंदू संघ सामने जिंकत होता, पण अस्पृश्य गणलेल्या जातीत जन्मल्यामुळे त्या संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना 1923 साली मिळाले.

मग सर्व वगळणूक अन्यायच मानावी काय? तसे मानता येणार नाही, आणि याचे उत्तम उदाहरण बुलढाण्याच्या तिरंदाजीतच आहे. तेथील प्रथमेश जावकर यांनी मे 2023 मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात, म्हणजे चाकांच्या यंत्रणेच्या धनुष्याने खेळल्या जाणाऱ्या प्रकारात, जागतिक क्रमवारीत अव्वल असलेल्या माइक श्लोसर यांना 149–148 असे हरवून वैयक्तिक सुवर्ण मिळवले. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत मात्र एका देशाचे दोनच तिरंदाज वैयक्तिक बादफेरीत उतरू शकत होते. क्रमवारी फेरीतील गुणांनुसार भारताच्या त्या दोन जागा ओजस देवतळे आणि अभिषेक वर्मा यांच्याकडे गेल्या आणि अंतिम सामनाही त्या दोघांमध्येच झाला. जावकर यांची इच्छा आणि सामर्थ्य यांत काहीही उणे नव्हते. सांघिक अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला 235–230 असे हरवून सुवर्ण जिंकणाऱ्या तिघांत तेही होते. त्यांना अडवणारा नियम सर्व देशांना सारखाच लागू होता, बाण सोडण्यापूर्वीच ठाऊक होता आणि कोणाच्या जन्माकडे पाहत नव्हता. चोखोबांना अडवणाऱ्या नियमात यांपैकी फक्त दुसरी गोष्ट होती. नियम आधीपासून ठाऊक असणे पुरेसे नसते, ही बाब निवड समित्यांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे.

गुण मोजून जेथे निवड होते तेथे हे स्पष्ट दिसते. कबड्डी किंवा खो-खोच्या संघनिवडीत मात्र निवडकर्त्याची पारख मध्ये येते, आणि तेथे कृपेचा प्रश्न उभा राहतो. आत्मा ज्याला वरतो त्यालाच तो लाभतो, असा अर्थ ज्यातून निघतो, ते कठोपनिषदातील वचन दोन आचार्यांनी दोन प्रकारे लावले आहे. शंकराचार्यांच्या मते वरण करणारा साधकच आहे. रामानुजाचार्यांच्या मते वरण परमात्मा करतो, परंतु तोही लहरीने नव्हे, तर ज्याची प्रीती उत्कट आहे त्याचेच करतो. दोन्ही भाष्यकारांना अकारण निवड असह्य वाटली, हे येथे निर्णायक आहे. ईश्वराच्या निवडीलाही जर कारण द्यावे लागत असेल, तर जिल्ह्याच्या समितीला त्यातून सूट मिळण्याचे कारण नाही. म्हणून चाचणीनंतर लागणाऱ्या यादीत केवळ निवडलेल्यांची नावे असणे अपुरे आहे. चाचणी दिलेल्या प्रत्येकाचे नाव, आणि तो इच्छा, सामर्थ्य किंवा नियम यांपैकी कशामुळे थांबला याची नोंद तीत असली पाहिजे, कारण पुढच्या वर्षी सामर्थ्य वाढवता येते, परंतु नियम बदलण्यासाठी तो आधी नियम म्हणून दिसावा लागतो.