पिसं टाकायचे दिवस

आमच्या उंद्री गावाच्या बाजूला परसातलं पाखरू म्हणजे कोंबडी. बदकं कुणी पाळलीच तर हौसेनं. पोरांनी हट्ट धरला म्हणून, नाहीतर शेततळं आयतंच आहे म्हणून. त्यामुळे अंड्यांचा भर ओसरल्यावर एखाद्या सकाळी खुराड्यात पिसांचा सडा दिसला की घर हबकतं. कुणी म्हणतं मुंगूस शिरलं, कुणी म्हणतं रोग आला. बदक कोपऱ्यात गप्प, अंडी बंद, जवळ गेलं की फिसकारतं. ‘आता याला फुकट किती दिवस खाऊ घालायचं?’ हा प्रश्नही मग लांब नसतो.

रोग नसतो तो. वर्षभर घासलेली, उन्हापाण्यानं विटलेली पिसं टाकून पाखरू नवी उगवत असतं. कोंबडी किंवा कावळा हे काम सावकाश उरकतो, पंखातलं एकेक पीस गाळत. बदकाला ते परवडत नाही. अंग जड, पंख त्या मानानं लहान. चार पिसं गेली तरी उडणं मुश्कील. म्हणून ते पंखांची मोठी पिसं जवळपास एकदमच टाकतं, आणि रानबदक असेल तर तीनचार आठवडे उडणं विसरतं. त्या दिवसांत ते कुणाच्याही तावडीत सापडावं. हिरव्या डोक्याचा नर तर त्याआधीच सगळा थाट उतरवून मादीसारखा मातकट होतो. शेपटीवरची वळलेली पिसंही जातात. थंडीच्या तोंडावर आपल्याकडच्या जलाशयांवर उतरणारे तलवार बदकांचे नर सुरुवातीला असेच ओळखू येत नाहीत. रुबाब इथं आल्यावर हळूहळू परततो.

मला नवल वाटतं ते घरच्या बदकाचं. खाकी कॅम्पबेल काय, पांढरं पेकिन काय, दोन्ही त्या हिरव्या डोक्याच्या रानबदकाचीच लेकरं. उडून जायचंय कुठं? तरी पूर्वजांचं पंचांग अंगात चालूच.

जवळून पाहिलं तर कातडीतून निळसर कोंब वर आलेले दिसतात, सुईसारखे. त्यांत रक्त खेळत असतं; एखादा मोडला तर भळाभळा वाहतं, आणि धक्का लागला तरी दुखतं. एरवी मांडीवर बसणारं बदक हात लावू देत नाही ते यामुळे. पोरांना तेवढे दिवस लांबच ठेवावं.

पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. घरात सोयाबीन आहे म्हणून ते कच्चं घालू नये, पचत नाही. उकडून किंवा भाजून द्यावं. त्यातही पिसाला लागणारं मेथिओनिन कमीच, तेव्हा जोडीला बिनमिठाची सुकट नाहीतर गांडुळं. डुंबायला पाणी हवं. कातडी लाल दिसली, खाणं सुटलं किंवा पिसं परत येईनात, तर मात्र जनावरांचा डॉक्टर गाठावा.

शेतकऱ्याला खरं तर हे नव्यानं सांगायला नको. गाभण गाय विण्याआधी दोनेक महिने आपण मुद्दाम आटवतो, दूध सोडून देतो, आणि त्याला तोटा म्हणत नाही. बदकाच्या बाबतीत तो धीर कुठं जातो कोण जाणे. कदाचित अंडं रोज मोजता येतं आणि उगवणारं पीस मोजता येत नाही, म्हणून असेल.

मोठ्या पोल्ट्रीवाल्यांना मात्र या काळाची किंमत पक्की ठाऊक असते. पिसं टाकून झालेली कोंबडी पुन्हा जोमानं अंडी देते, कवचही चांगलं धरते. म्हणून काही ठिकाणी तिला दिवसचे दिवस उपाशी ठेवून, उजेड कमी करून, मालकाच्या सोयीनं पिसं टाकायला लावत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं या उपासमारीला क्रूरता ठरवलं. परसातल्या बदकाला अशी घाई करणारं कुणी नसतं. त्याला हवेत फक्त थोडे जास्तीचे दाणे, आणि रात्री खुराड्याला नीट कडी.