उंबरठ्यावरचे सूर

बिझेच्या 'कार्मेन'ची आणि माझी पहिली ओळख झाली ती रंगभूमीवर नव्हे, तबकडीवर. तीही सबंध ऑपेराशी नव्हे. त्यातल्या निवडक सुरावटी वाद्यवृंदासाठी गुंफलेला तो 'सुइट' होता. बैलाशी झुंजणाऱ्या वीराचे गाणे त्यात ट्रम्पेटवर वाजे आणि मी बसल्या जागी ताल धरीत असे. पुढे काही वर्षांनी संपूर्ण ऑपेरा पाहिला. शेवटच्या प्रवेशात, रिंगणाबाहेर, होसे कार्मेनच्या अंगात सुरा खुपसतो. आणि त्याच वेळी आतून जमावाच्या जयघोषात तेच गाणे ऐकू येते! माझा हात मांडीवरच थबकला. इतकी वर्षे मी ताल धरला होता तो कशाला?

३ मार्च १८७५ रोजी 'कार्मेन' पॅरिसच्या रंगभूमीवर आले आणि बरोबर तीन महिन्यांनी, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, बिझे वारला. त्याच्या मागे हे सुइट जुळवले ते त्याचा मित्र एर्नेस्ट गिरो याने. प्रवेशांचा क्रम त्याने मोडला, माणसांचे कंठ वाद्यांना दिले. डोंगरात एकटी पडलेली मिकाएला भीतीने देवाचा धावा करते. सुइटमध्ये तिच्या जागी व्हायोलिन आहे, आणि ती भीती कुठल्या कुठे गेली आहे. मृताची संमती कोण विचारणार?

पण थोडे थांबू या. 'हाबानेरा'ची चाल बिझेने लोकगीत समजून उचलली. ती निघाली इरादिएर नावाच्या संगीतकाराची. तोही तेव्हा हयात नव्हता. मग दोष एकट्या गिरोला का? आणि आपण तरी? बालगंधर्वांची पदे, नाटकाचे नावही ठाऊक नसलेला श्रोता, मैफलीत डोलत ऐकतोच ना? सूर कथेच्या घरात जन्मतो. पण तेथे त्याला कोंडून ठेवता येत नाही.

तरी एक ऋण उरतेच. सुइट ऐकणारा कार्मेनचे मरण न पाहता तिचे गाणे घेतो. घेऊ नये असे मी म्हणणार नाही. त्या तबकडीवाचून मी ऑपेरापर्यंत पोचलोच नसतो. परंतु सौंदर्य असे सुटे करून घेताना, ते कोणाच्या शेजारी उभे होते एवढे तरी विचारावे. गिरोने दार उघडले. उंबरठ्यावरच बैठक मारायची की आत जायचे, हा प्रश्न त्याचा नव्हे, माझा आहे.

आजही मी ती तबकडी लावतो. ट्रम्पेट वाजू लागला की तालही धरतो. फक्त आता सुरा आठवतो.