नव्या नगरातील शेजारी

सुखवस्तु उपनगरात राहावयास जाणे हा दोष आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. रुंद रस्ते व चांगली शाळा आपल्या लेकरांस मिळावी, ही इच्छा निर्दोष आहे. परंतु नवी मुंबईचे उदाहरण घ्या. १९७० साली सिडको स्थापन झाली, व नव्या नगरासाठी ९५ गावांची शेते व मिठागरे घेण्याचे ठरले. रास्त मोबदल्यासाठी १९८४ साली उरण तालुक्यात शेतकऱ्यांनी आंदोलन केले, तेव्हा गोळीबारात ५ जण मरण पावले. त्या गावांची गावठाणे उंच इमारतींच्या मध्ये आजही उभी आहेत. तेथे घर घेणाराने पुरते पैसे मोजले हे खरे. तथापि ज्याच्या भातखाचरावर आपला पाया आहे त्या आगरी-कोळी शेजाऱ्याचे ऋण तेवढ्याने फिटत नाही. यास्तव वाचकहो, नगरात जाणाराने प्रथम त्याचे दार ओळखावे.