उतरलेला पंचम

"बाई, पंचमाची तार उतरलीय," चाचा म्हणाले. तानपुरा तर अजून गवसणीतच होता. जवारी करून तो परत द्यायला ते आले होते आणि उंबऱ्यातच थबकले होते. खोलीत काहीही वाजत नव्हतं. फक्त ह्यांचा जुना अँप्लिफायर चालू होता आणि स्पीकरमधून बारीक घरघर येत होती.

मिरजेत तानपुरा करणाऱ्याचा कान काय असतो, ते त्या दिवशी कळलं. ह्यांचा तानपुरा काळी एकचा. त्याचा पंचम 104 हर्ट्झच्या आसपास लागतो. आपली वीज 50 हर्ट्झची. आमच्या लहान स्पीकरमधून त्याची दुप्पट, 100, जास्त ऐकू येते. म्हणजे चाचांनी विजेचा सूर ऐकला आणि तो पंचमाला किती कमी पडतो, तेही ऐकलं. मी त्या घरघरीत दोन वर्षं गाणं ऐकत होते.

पुण्याच्या पुतण्याला हे सांगितलं, तर तो त्याचा पॉवर कंडिशनर घेऊन आला. किंमत पाऊण लाखाच्या घरात. "काकू, वीजच घाण असेल तर गाणं स्वच्छ कसं येईल?" घरघर काही गेली नाही, पण रेकॉर्ड लावली आणि मला फरक जाणवला. तानपुरा मोकळा झाला होता, गवयाचा श्वास जवळ आला होता. मी तसं त्याला सांगितलंही. त्यात खोटं काही नव्हतं.

पण मी तीस वर्षं कॉलेजात न्याय आणि मीमांसा शिकवली आहे. आपल्याला जे जाणवलं ते कुठून आलं, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. शिंपल्यात चांदी दिसते, तेव्हा नैयायिक काय म्हणतात? चांदी खोटी नाही. ती दुसरीकडे कुठेतरी पाहिलेली, खरीच चांदी आहे. चूक एवढीच की ती इथे आहे असं वाटलं. मला ऐकू आलेला मोकळेपणा असाच दुसरीकडचा असेल का? एक जागा तर मला लगेच आठवली. त्या संध्याकाळी मी कित्येक महिन्यांनी दिवे मालवून, फोन आत ठेवून गाणं ऐकायला बसले होते.

म्हणून आम्ही परीक्षा घेतली. मी भिंतीकडे तोंड करून बसायचं. पुतण्याने नाणं उडवून ठरवायचं, प्लग कंडिशनरमध्ये की थेट भिंतीत, आणि तोच दोन मिनिटांचा आलाप लावायचा. असं 16 वेळा केलं. माझी 9 उत्तरं बरोबर आली. नुसतं नाणं उडवून सांगितलं असतं तरी 8 च्या आसपास आली असती.

मग फरक नाहीच, असं म्हणायचं का? इथे मला कुमारिल भट्टांचा आधार वाटतो. जमिनीवर घडा नाही, हे कशाने कळतं? नैयायिक म्हणतात, डोळ्यांनीच. भाट्ट मीमांसक म्हणतात, जे नाहीच त्याच्याशी डोळ्याचा संबंध येणार कसा? घडा न दिसणं हेच त्याच्या नसण्याचं प्रमाण. या प्रमाणाला त्यांनी अनुपलब्धी म्हटलं आणि त्याला एक अट घातली, योग्यतेची. घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

माझ्या कानांच्या खोलीत उजेड होता का? वय 68. प्लग बदलायला मिनिटभर जायचं आणि तेवढ्यात आधीचा आवाज मनात पुसट व्हायचा. म्हणून पुतण्याने मला न सांगता अधूनमधून आवाज अगदी किंचित वाढवायचा, असं आम्ही आधीच ठरवलं होतं. तो मी दर वेळी ओळखला. तेवढा तरी उजेड होता. म्हणून माझ्या घरात, माझ्या अँप्लिफायरवर कंडिशनरने फरक पडत नाही, असं मी म्हणते. त्याला कारणही आहे. आपण ऐकतो ते गाणं भिंतीतली वीज थेट वाजवत नाही. अँप्लिफायरच्या पोटातला ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, रेक्टिफायर तिला एकदिश करतो, आणि दहा-दहा हजार मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर ती भरून ठेवतात. कंडिशनरचं बरंचसं काम करणाऱ्याने आतच करून ठेवलंय. ज्या यंत्राची ही बाजू कच्ची असेल, तिथे निकाल वेगळा लागू शकेल.

सूक्ष्म फरक ऐकणाऱ्यांची टवाळी मला मुळीच सहन होत नाही. चाचा जवारीवरचा दोरा केसभर सरकवतात आणि अख्खा तानपुरा बदलतो. पण तो दोरा मागे घेता येतो, पुन्हा पुढे घेता येतो, आणि दर वेळी ऐकू येतं.

स्पाइक गार्डचा प्रश्न मला याहून अवघड वाटतो. त्याचं म्हणणंच मुळी नसण्याबद्दल आहे: मी आहे म्हणून काही झालं नाही. आत बटणाएवढी एक चकती असते. व्होल्टेजचा तडाखा आला की ती वाट मोकळी करून तो आपल्यावर घेते, आणि दर तडाख्याला थोडी झिजते. साध्या पट्टीवरचा लाल दिवा वीज आहे एवढंच सांगतो. चकती जिवंत आहे की मेली, ते त्याला ठाऊक नसतं. दोन वर्षांपूर्वी वळवाच्या पावसात गल्लीतलं न्यूट्रल तुटलं. शेजारचा फ्रिज गेला, आमचा टीव्ही गेला. पट्टी उघडली तर चकती काळी ठिक्कर पडलेली, जळका वास. अँप्लिफायर वाचला. पट्टीने वाचवला, असं सगळे म्हणाले. मीही म्हटलं असतं, पण त्या रात्री अँप्लिफायरचं बटणच बंद होतं.

ती रात्र पुन्हा आणता येत नाही. तिथे 16 फेऱ्या नाहीत, कान साक्षीला नाही. तिथे अनुमान आणि आप्तवाक्य एवढंच हाती उरतं, आणि मी ते कमी मानत नाही. वायरमन म्हणाला, "बाई, न्यूट्रल गेलं की जादा व्होल्टेज येतं ते क्षणभराचं नसतं, तासन्‌तास राहतं. त्याला ही चकती पुरी पडत नाही. व्होल्टेज वाढलं की लाइनच तोडणारा कटऑफ बसवा." त्याने असे किती जळलेले टीव्ही पाहिले असतील! मी कटऑफ बसवला, पट्टीही नवी घेतली. दोन्हींच्या उपयोगाचा पुरावा मला कदाचित कधीच मिळणार नाही.

घरघर शेवटी त्या वायरमननेच काढली. नवा टीव्ही आम्ही अँप्लिफायरला जोडला होता, आणि केबलची तार बाहेरून आपलं वेगळंच अर्थिंग घेऊन येत होती. कंडिशनर असताना घरघर होती, नसताना होती. ती तार उपसली आणि गेली, लावली आणि आली. अन्वय-व्यतिरेकाचं इतकं सरळ उदाहरण वर्गात मला कधी सापडलं नव्हतं. केबलवाल्याने मधे एक छोटा आयसोलेटर बसवून दिला.

परवा चाचा आले. अँप्लिफायर चालू होता, रेकॉर्ड लावायची होती. उंबऱ्यात ते पुन्हा थांबले, मान किंचित तिरकी केली, मग आत येऊन बसले. मी तानपुरा गवसणीतून काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी पंचम छेडला आणि तार विझेपर्यंत डोळे उघडले नाहीत.