वजनदार माणसे

गेल्या कार्तिकात हिंगोलीहून नरसी नामदेव येथे जाण्याचा योग आला. कयाधू नदीच्या काठचे हे गाव. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरा त्याला मान देते. गावात शिरण्यापूर्वी रस्त्याकडेच्या एका चहाच्या टपरीपाशी आम्ही थांबलो. टपरीत खुर्ची एकच, आणि तीवर एक वृद्ध वारकरी बसलेले. माझ्या सोबत्याने टपरीवरच्या मुलाच्या कानाशी लागून काही सांगितले. त्यात जिल्ह्यातील एका वजनदार गृहस्थाचे नाव होते, एवढेच मला ऐकू आले. क्षणात म्हातारबोवा उठले, मुलाने खांद्यावरच्या फडक्याने खुर्ची पुसली, आणि मी तीवर बसलो. त्या गृहस्थाशी माझा संबंध इतकाच की, एका लग्नात त्यांच्या समोरच्या पंगतीला मी जेवलो होतो. तरीही मी बसलो. आणि खरे सांगावयाचे तर, बसताना मला बरे वाटले.

तेव्हापासून 'वजनदार' हा शब्द मनातून जाईना. आपल्या भाषेत अशा माणसांसाठी शब्दांचा तोटा नाही. बडी असामी, बडे प्रस्थ, तालेवार, मातब्बर. मत्सर वाटत असेल तर मोठे धेंड. आणि सभा गाजविणारा असेल तर मुलुखमैदान तोफ. इंग्रजीही या बाबतीत मागे नाही. तीत वजनदाराला 'हेवीवेट' म्हणतात, तोफेला 'बिग गन'. 'बिगविग' हा शब्द तर ऐकताच हसू यावे असा आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत तिकडच्या प्रतिष्ठितांत केसांचे टोप डोक्यावर चढविण्याची चाल होती; ज्याचा टोप मोठा, तो माणूस मोठा! वजन, आवाज, टोप: या साऱ्या शब्दांत त्या माणसाने केले काय, याचा पत्ताच लागत नाही.

काही जुन्या शब्दांची कुळकथा मात्र निराळी आहे. 'मातब्बर' हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ ज्याच्यावर भरवसा ठेवावा असा, एवढाच. 'नबाब' या शब्दाची गंमत तर वाचकांस खचित वाटेल. 'नायब' म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा, मुखत्यार. त्याचेच अनेकवचन आदरार्थी वापरता वापरता 'नबाब' झाले. मुखत्याराने धन्याचे आसन बळकाविले, आणि शब्दही त्याच्या मागोमाग गेला. पुढे हाच शब्द विलायतेस पोहोचला. कंपनीच्या नोकरीत येथे गबर होऊन स्वदेशी परतणाऱ्यांना तेथील लोक 'नेबॉब' म्हणून हिणवू लागले, आणि 1772 मध्ये सॅम्युअल फूटने त्याच नावाचे नाटक रंगभूमीवर आणून त्यांची रेवडी उडविली. ज्या 'मिनिस्टर'पुढे आपण हात जोडून उभे राहतो, तो लॅटिनमध्ये सेवक आहे. या सर्व शब्दांत आणखी एक माणूस गृहीत धरलेला आहे: भरवसा ठेवणारा, मुखत्यारपत्र देणारा, सेवा घेणारा. 'वजनदार' या शब्दात तो दुसरा माणूस दिसत नाही. असलाच तर तो खाली दबलेला असावा.

यावर कोणी म्हणेल, समाजाला मोठी माणसे लागतातच. सर्वांनीच सतरंजीवर बसावयाचे ठरविले तर सभेला अध्यक्ष कोठून मिळणार? हे मला मान्य आहे. बांधाचा तंटा ज्याच्या एका शब्दाने मिटतो, असा माणूस गावात असणे ही त्या गावाची दौलत होय. त्याला जरूर मातब्बर म्हणावे, खुर्चीही द्यावी. परंतु त्या टपरीवर ते गृहस्थ नव्हतेच. होते ते त्यांचे नुसते नाव. खुर्ची रिकामी करविली ती आम्ही तिघांनी, सोबत्याच्या जिभेने, मुलाच्या फडक्याने आणि माझ्या मुकाट्याने बसण्याने. चौथे म्हातारबोवा, पण त्यांच्याकडे दोष लावणे माझ्या जिवावर येते. ज्या वजनाचा आपण एरवी इतका जाच मानतो, ते पारड्यात टाकणारे हात कोणाचे, याचा हिशेब आपण सुशिक्षित माणसे क्वचितच करतो. वशिला शोधताना तर आपण ते मापटी भरभरून टाकतो.

नरसीत हा विचार अधिक टोचला, याला कारण आहे. याच जिल्ह्यातील औंढा नागनाथाच्या देवळाची कथा सर्वश्रुत आहे. नामदेवांचे कीर्तन देवळापुढे रंगले असता त्यांस तेथून उठविण्यात आले. ते निमूटपणे मागील बाजूस जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. देऊळ फिरले की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. मला त्या कथेतील उठणे अधिक महत्त्वाचे वाटते. उठविणारे त्या दिवशी निश्चितच वजनदार असले पाहिजेत. आणि उठून गेलेला शिंपी? त्याची 61 पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत, आणि पंढरपुरास महाद्वाराच्या ज्या पायरीवरून लोक आत जातात, ती त्याच्या नावाची आहे. संतांची पायधूळ लागावी म्हणून ती जागा त्याने मागून घेतली, असे वारकरी सांगतात. आपली भाषाही येथे मोठी विलक्षण वागते. कचेरीतल्या कारकुनालाही आपण 'अहो रावसाहेब' म्हणतो, आणि ज्याच्यापुढे खरोखर मस्तक लवते, त्याला नुसते 'नामा'! भीतीला बहुवचन लागते. प्रेमाचे एकवचनात भागते.

देवदर्शन आटोपून परतताना त्याच टपरीपाशी पुन्हा थांबलो. म्हातारबोवा केव्हाच पुढे निघून गेले होते. आम्हांला पाहताच मुलाने लगबगीने फडके उचलले. मी या खेपेस उभ्यानेच चहा घेतला. मुलाला ते फारसे रुचलेले दिसले नाही. आपल्या हातून काही चुकले की काय, असे त्याने सोबत्याला दोनदा विचारले.