सांध्यातला क्षार

(वाचन : इफिस. ४:२६)



आम्ही बऱ्हाणपूरकर तापीकाठी, गोड्या पाण्याजवळ राहतो. हीच तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते व खारी होते. समुद्रावरील शिडाच्या नव्या होड्यांची डोलकाठी पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमची असते. तिच्यावरील कड्या व स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. या दोन धातूंच्या सांध्यात खारे पाणी साचले की झीज सुरू होते. नवल हे, की स्टील चकाकतच राहते. झिजते ते अ‍ॅल्युमिनियम. म्हणून जाणता नावाडी दोहोंमध्ये नायलॉनची चकती घालतो, स्क्रूला ग्रीस लावतो आणि किनाऱ्यावर परतताच सांधे गोड्या पाण्याने धुतो.

मंडळीतही आपण निरनिराळ्या धातूंची माणसे एकत्र जोडलेली आहोत. कटू शब्द मध्ये साचला की बलवान चकाकत राहतो, दुर्बळ भाऊ मुकाट्याने झिजतो. आणि एके रविवारी त्याची जागा रिकामी दिसते. राग रात्रीपलीकडे नेऊ नये, असे पौलाने इफिसकरांस लिहिले ते याचसाठी.

आपण स्वतः झिजलो नाही, एवढ्यावर निर्धास्त राहू नये. आज संध्याकाळी आपल्याला कोणाच्या दारी गेले पाहिजे? ते पाऊल उचलण्यास प्रभू आम्हांला नम्रता देवो. आमेन.